नाईलकाठचं देऊळ, माद्रिदची टेकडी

माद्रिदमधली सर्वांत जुनी वास्तू माद्रिदमध्ये बांधलेली नाही. नवव्या शतकात कॉर्डोबाच्या अमिराने मान्सानारेस नदीच्या काठी एक किल्ला उभारला आणि त्याच्याभोवती वाढत वाढत हे शहर झालं. देबोदचं देऊळ त्याच्याही हजार वर्षं आधी बांधलेलं आहे. तेव्हा ते नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आस्वानच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर, नूबिया नावाच्या मुलखात होतं. दगडन्‌दगड सुटा करून ते स्पेनला आणलं गेलं आणि जुलै १९७२ मध्ये माद्रिदच्या लोकांसाठी खुलं झालं.

प्लाझा दे एस्पान्या हा माद्रिदचा गजबजलेला चौक. तिथून चढणीचा रस्ता धरला की दहा मिनिटांत आपण एका टेकडीवरच्या बागेत पोचतो. समोर उथळ पाण्याचा लांबट हौद आणि त्यात एका रेषेत उभी असलेली दोन दगडी महाद्वारं दिसतात. त्यांच्या मागे चार खांबांची दर्शनी भिंत असलेलं, बसकं, चौकोनी देऊळ आहे. कर्नाक किंवा अबू सिंबेलची छायाचित्रं मनात घेऊन आलेल्या माणसाला ते लहान वाटतं, आणि ते लहानच आहे. पण जवळ गेल्यावर एक गोष्ट ठळक दिसू लागते. भिंतींमधले सगळे दगड एका रंगाचे नाहीत. काही तपकिरी, कडा झिजलेले, पृष्ठभाग खवल्यांसारखा सुटलेला. तर काही फिकट, सपाट, नेमक्या कडांचे. तपकिरी दगड नूबियाचे आहेत, फिकट स्पेनचे. या देवळाची खरी गोष्ट त्या दोन रंगांच्या सांध्यांत आहे असं मला वाटतं, आणि ते पाहायचे तर देबोद मुळात काय होतं इथपासून सुरुवात करायला हवी.

आस्वानजवळ नाईलच्या पात्रात ग्रॅनाइटचे खडक वर येतात आणि प्रवाह फुटून खळाळतो. हा नाईलचा पहिला प्रपात. प्राचीन इजिप्तची दक्षिण सीमा इथे मानली जाई. प्रपाताच्या वरच्या अंगाला नूबिया सुरू होई आणि त्याच्याही पलीकडे, आजच्या सुदानमध्ये, कुश राज्य होतं. त्याची त्या काळातली राजधानी मेरोए. सोनं, हस्तिदंत, जनावरांची कातडी, आबनूसचं लाकूड हा सगळा माल या वाटेने उत्तरेकडे जाई. त्यामुळे प्रपाताच्या लगतचा नदीकाठ कोणाच्या ताब्यात असावा यावर इजिप्त आणि कुश यांच्यात शतकानुशतकं ओढाताण चालली. पुढे या पट्ट्याचं उत्पन्न फिले बेटावरच्या आयसिस देवीच्या देवस्थानाला इनाम म्हणून लावून दिलेलं होतं. देबोद याच इनामी मुलखात, फिलेपासून थोडं वर होतं.

सिकंदरानंतर इजिप्तवर टॉलेमी घराण्याचं राज्य आलं. ते मूळचे मॅसिडोनियन, दरबारात ग्रीक बोलणारे. इ.स.पू. २०५ च्या सुमारास दक्षिण इजिप्तने त्यांच्याविरुद्ध बंड केलं आणि स्वतःचे फराओ गादीवर बसवले. ते बंड मोडायला इ.स.पू. १८६ उजाडलं. मधल्या वीस वर्षांत टॉलेमींचा हात प्रपातापर्यंत पोचत नव्हता आणि कुशचे राजे उत्तरेकडे सरकले. त्यांतल्या अदिखलमानी या राजाने देबोदला आमून देवासाठी एका खोलीचं छोटं देऊळ बांधलं. आज माद्रिदमध्ये जे उभं आहे त्याचा गाभा म्हणजे ही खोली.

हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की ‘इजिप्तचं देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूची पहिली वीट, म्हणजे पहिला दगड, कुशच्या राजाने बसवला. तो इजिप्तचा नव्हता, पण इजिप्तचे देव त्याचेही देव होते आणि त्याचंही नाव चित्रलिपीतच कोरलं जाई. आमून हा कुशच्या राजांचा फार जुना देव. त्याच्या कौलावाचून तिकडे राज्याभिषेक होत नसे. सीमेवर आमूनचं देऊळ बांधणं हे पूजेइतकंच मालकी सांगण्याचंही काम होतं. अदिखलमानीचं नाव इतिहासात फारच थोड्या ठिकाणी सापडतं; त्यांतलं एक ठिकाण ही खोली आहे.

बंड मोडल्यावर टॉलेमी परत आले. त्यांनी ते देऊळ पाडलं नाही, ते वाढवलं. सहाव्या, आठव्या आणि बाराव्या टॉलेमींच्या काळात त्याच्याभोवती नव्या खोल्या उठल्या, मागे गाभारा झाला आणि देऊळ फिलेच्या आयसिसला वाहिलं गेलं. आमूनला मात्र कोणी बाहेर काढलं नाही. बारावा टॉलेमी म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या क्लिओपात्राचा बाप. त्याने दिलेला गुलाबी ग्रॅनाइटचा अखंड देव्हारा आजही गाभाऱ्यात आहे. एके काळी तिथे असे दोन देव्हारे होते, दुसऱ्याचे केव्हाच तुकडे झाले. शेवटी रोमन आले. दर्शनी मंडपाची कोरीव सजावट ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांच्या नावाने झाली. रोमचा सम्राट इथे फराओच्या वेषात, फराओच्या मुकुटात, देवांपुढे नैवेद्य धरून उभा दाखवला आहे. टायबेरियसने नूबिया कधी पाहिलाच नाही. पण देवळाच्या नियमात देवापुढे उभा राहणारा माणूस राजाच असावा लागे, आणि तेव्हा राजा तो होता.

म्हणून देवळात शिरताना आपण काळात उलटे चालत जातो. बाहेरचा मंडप रोमन, आतला अदिखलमानीचा. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, त्यामुळे रांगेत उभं राहावं लागतं; प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आत अंधारं आणि अरुंद आहे. युरोपातल्या संग्रहालयांच्या प्रशस्त दालनांची सवय झालेली माणसं इथे खांदे आखडून चालतात, आणि तेच बरोबर आहे. इजिप्तचं देऊळ भक्तांनी जमायची जागा नव्हती. ते देवाचं घर होतं. आतल्या भागात पुजाऱ्यांखेरीज कोणी येत नसे. आत जावं तसं छत खाली येतं, उजेड कमी होतो, दारं लहान होत जातात. गाभाऱ्यातल्या देव्हाऱ्यात देवाची मूर्ती बंद दारामागे असे. सकाळी दार उघडायचं, मूर्तीला स्नान, वस्त्र, अत्तर, नैवेद्य करायचा आणि पुन्हा बंद करून पावलांचे ठसे झाडत मागे यायचं, असा नित्यक्रम इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवलेला आहे.

अदिखलमानीच्या खोलीत थोडं थांबावं. समोरासमोरच्या दोन लांब भिंतींवर चौकटींच्या ओळी आहेत. प्रत्येक चौकटीत तीच मांडणी: एका बाजूला राजा, हात पुढे केलेले, हातात काही तरी अर्पण करायची वस्तू, दुसऱ्या बाजूला देव किंवा देवी, हातात राजदंड आणि जीवनाचं चिन्ह. एका भिंतीवर आमून आणि त्याच्या परिवाराचं प्राबल्य आहे, दुसरीवर आयसिसचं. राजाच्या डोक्यावरचा मुकुट दर चौकटीत बदलतो, आणि त्याचं नाव लंबगोल चौकटीत कोरलेलं आहे. डोळे अंधाराला सरावले, की भिंतीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यातला फरकही लक्षात येतो. रेषा कुठे टोकदार आहेत, तर कुठे साखरेसारख्या विरघळल्या आहेत. ही कोरीव चित्रं मुळात रंगवलेली होती. रंग आता उरलेला नाही, आणि तो दोन हजार वर्षांच्या म्हातारपणाने गेलेला नाही. गेल्या शतकातल्या पाण्याने तो नेला.

त्या पाण्याकडे वळण्याआधी आयसिसबद्दल थोडं. फिले बेटावरचं तिचं देऊळ साऱ्या प्रदेशाचं मुख्य पीठ होतं. तिची उत्सवमूर्ती होडीतून नूबियातल्या तिच्या इनामी मुलखात फिरे, आणि देबोदसारखी देवळं ही त्या वाटेवरची मुक्कामाची ठाणी होती. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर इजिप्तमधली जुनी देवळं एकामागून एक बंद पडली, पण फिले टिकलं. आज ज्ञात असलेला चित्रलिपीतला शेवटचा लेख फिलेचाच आहे, २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा. त्यानंतरही, पाचव्या शतकाच्या मध्यावर, नूबियातल्या टोळ्यांनी रोमशी तह करताना एक कलम घालून घेतलं: आयसिसची मूर्ती ठरावीक मुदतीसाठी आपल्या मुलखात नेण्याचा आणि परत आणून ठेवण्याचा हक्क आम्हाला राहील. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने फिलेचं देऊळ बंद करवलं. नूबियाही त्याच शतकात ख्रिस्ती झाला. देबोदमधली पूजा याच सुमारास थांबली असणार.

पुढची तेराशे वर्षं देऊळ वाळूत आणि उन्हात उभं होतं. नूबियात पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे दगडाला फारसं काही झालं नाही. मूळची तीन महाद्वारं एकामागे एक उभी होती. त्यांतलं एक एकोणिसाव्या शतकात पडलं. दर्शनी मंडपाचा पुढचा भागही त्याच शतकात ढासळला. खरं संकट १९०२ साली आलं. इंग्रजांनी आस्वानला नाईलवर धरण बांधलं आणि पुढे दोन वेळा त्याची उंची वाढवली. हे धरण दर वर्षी भरे आणि रिकामं होई. पूर येण्याच्या दिवसांत गाळ वाहून जावा म्हणून दरवाजे उघडत. पूर ओसरला की दरवाजे बंद होऊन पाणी पुन्हा चढे. त्यामुळे देबोद वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असे आणि काही महिने वर येई. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर बाहेर येतं आणि पुण्या-सोलापूरकडची माणसं होड्या करून ते पाहायला जातात, तसंच काहीसं तिथे दर वर्षी होत होतं. रंग पहिल्या काही वर्षांतच गेले. दगडात क्षार शिरले. प्रत्येक वेळी दगड वाळला की हे क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगत आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटत. धरणाची उंची वाढवताना, १९०७ नंतर, इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने गास्तों मास्पेरो यांच्या देखरेखीखाली नूबियातल्या देवळांची डागडुजी करून घेतली आणि त्यांच्या नोंदी करवल्या. देबोदची नोंद ग्युंथर र्‍योडर या जर्मन विद्वानाने केली. ती १९११ साली छापून आली. भिंतीवर काय काय कोरलं होतं ते आज आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे ते बरंचसं या पुस्तकामुळे.

मग १९६० मध्ये नव्या, उंच आस्वान धरणाचं काम सुरू झालं. आता पाणी उतरणार नव्हतं. जवळपास पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय इजिप्त आणि सुदानच्या नूबियाला कायमचा गिळणार होता. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला मदतीचं आवाहन केलं. इजिप्तचे संस्कृतिमंत्री सर्वत ओकाशा यांनी त्याआधीच एक धाडसी देकार पुढे ठेवला होता: जे देश उत्खननाला येतील त्यांना सापडलेल्या वस्तूंचा मोठा वाटा मिळेल, आणि ज्यांची मदत भरीव असेल त्यांना काही देवळंही भेट म्हणून दिली जातील. देबोद, ताफा, डेंडूर आणि एलेसिया ही ती देवळं. पॅरिसच्या चौकातल्या लक्सरच्या स्तंभापासून बर्लिनच्या नेफरतितीपर्यंत युरोपात गेलेल्या इजिप्शियन वस्तूंवर वाद आहेत. त्या रांगेत देबोदला बसवू नये. ते उचलून नेलेलं नाही, ठरवून दिलेलं आहे.

या मोहिमेत भारतही होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं एक पथक ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ मध्ये नूबियात गेलं आणि अफ्या इथे त्याने प्राचीन वस्ती खणून काढली. भारताला हे काम नवखं नव्हतं. नागार्जुनसागर धरणात जाणाऱ्या नागार्जुनकोंडा इथे १९५४ ते १९६० या काळात मोठं उत्खनन करून तिथल्या निवडक बौद्ध आणि इतर वास्तू टेकडीच्या माथ्यावर नव्याने मांडण्यात आल्या होत्या. धरणं बांधायची होतीच, आणि पाण्याखाली जाणारं काय वाचवायचं हा प्रश्न नव्याने स्वतंत्र झालेल्या दोन देशांना एकाच वेळी पडला होता.

नूबियातून एकूण २२ स्मारकं किंवा स्मारकसमूह हलवले गेले. त्यांत सर्वांत गाजलं ते अबू सिंबेल: डोंगरात खोदलेली दोन देवळं करवतीने कापून, हजारावर तुकडे करून, ६५ मीटर वर चढवली. फिलेची देवळं शेजारच्या अगिल्किया बेटावर गेली. म्हणजे देबोद जिच्या वाटेवरचं ठाणं होतं, ती आयसिसही आज आपल्या मूळ बेटावर नाही.

माणसांचं पुनर्वसन मात्र या कीर्तीत हरवून गेलं. १९६३-६४ मध्ये इजिप्तच्या बाजूचे सुमारे ५०,००० नूबियन लोक उत्तरेला कोम ओम्बोच्या परिसरात हलवले गेले. सुदानच्या बाजूचे जवळपास तितकेच वादी हाल्फामधून उठून, शेकडो किलोमीटर दूर, खश्म अल-गिरबाला गेले. त्यांची खजुराची बागायत, नक्षीकाम केलेल्या मातीच्या भिंतींची घरं, नदीकाठची कबरस्तानं पाण्यात गेली. नव्या वसाहतींत घरं होती, पण नदी लांब होती. आपापल्या गावांची नावं त्यांनी नव्या वस्त्यांना दिली. कोयनेच्या आणि उजनीच्या धरणग्रस्तांना यातलं काहीच नव्याने सांगायला नको. देवळाच्या प्रत्येक दगडावर क्रमांक टाकून तो जपण्यासाठी पन्नास देश पुढे आले. घर सोडणाऱ्या माणसांसाठी तसं आंतरराष्ट्रीय आवाहन झालं नाही. देबोदसमोर उभं राहून देवळाचं कौतुक करताना ही गोष्ट बाजूला सारणं मला जमत नाही.

देबोद धरणाच्या भिंतीला अगदी जवळ असल्यामुळे सर्वांत आधी सोडवावं लागलं. १९६०-६१ मध्ये पोलिश तज्ज्ञांच्या मदतीने ते उतरवलं गेलं आणि दगड आस्वानसमोरच्या एलेफंटाइन बेटावर नेऊन ठेवले. तिथे ते दहाएक वर्षं पडून होते. स्पेनने अबू सिंबेलसाठी पैसे दिले होते, आणि मार्तीन अल्माग्रो यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने इजिप्त व सुदान दोन्हीकडच्या नूबियात उत्खननं केली होती. त्याबद्दल १९६८ साली इजिप्तने हे देऊळ स्पेनला दिलं. १९७० च्या जूनमध्ये ‘बेनिसा’ नावाच्या जहाजातून १३०० हून अधिक पेट्या अलेक्झांड्रियाहून वलेन्सियाला आल्या आणि तिथून ट्रकने माद्रिदला.

पेट्या उघडल्यावर अडचण कळली. सोबत आलेला आराखडा आणि छायाचित्रं अपुरी होती. शंभराहून जास्त दगडांवरचे क्रमांक पुसले गेले होते किंवा आराखड्याशी जुळत नव्हते. र्‍योडरची साठ वर्षांपूर्वीची नोंद आणि जुनी छायाचित्रं पुढे ठेवून, कोरीव रेषा एकमेकींना जुळवत जुळवत अल्माग्रो आणि वास्तुविशारद मानुएल एर्रेरो पालासिओस यांनी दोन वर्षांत देऊळ उभं केलं. जिथे दगड नव्हता तिथे सालामान्काकडचा फिकट दगड बसवला. तो मुद्दाम वेगळा दिसेल असा ठेवला, कारण या कामाचा दंडकच तसा आहे: जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते पाहणाऱ्याला फसवणूक न होता कळलं पाहिजे. म्हणूनच ते सांधे लपवलेले नाहीत.

तरीही एक गोष्ट निसटली. बाहेरच्या दोन महाद्वारांपैकी देवळाला जवळचं जे आहे, त्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना नाग असलेलं सूर्यबिंब आहे. नूबियातली जुनी छायाचित्रं पाहिली तर तिथे देवळाला सर्वांत जवळ हे द्वार नव्हतं. म्हणजे माद्रिदमधला क्रम मूळचा नाही. जागच्या जागी उभ्या असलेल्या देवळाला असा प्रश्न कधी पडत नाही.

टेकडीचाही स्वतःचा इतिहास होता. मे १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घातल्या ती ही प्रिन्सिपे पीओची टेकडी. चित्रकार गोयाने त्या प्रसंगाचं चित्र काढलं. पुढे तिच्यावर लष्कराची मोठी बराक झाली. जुलै १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, तिथे मोर्चेबंदी करून बसलेल्या बंडखोर सैनिकांवर लोकांनी हल्ला चढवला आणि मोठा रक्तपात झाला. बराकीचे अवशेष कित्येक वर्षं तसेच होते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत त्यांच्या जागी बाग करून मध्यावर देबोद आणलं. त्या जागेची जुनी आठवण मागे पडावी, हा हेतू त्यात होता असं म्हणणारे स्पेनमध्ये पुष्कळ आहेत. बागेला बराकीचंच नाव मात्र अजून आहे.

देबोदची भावंडं बंदिस्त आहेत. डेंडूर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात काचेच्या भव्य दालनात आहे. एलेसियाचं खडकात खोदलेलं देऊळ तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे. चौघांत ते सर्वांत जुनं, तिसऱ्या थुतमोसच्या काळातलं. ताफा नेदरलँड्समधल्या लायडन शहरात आहे. देताना इजिप्तने अट घातली होती की ते हवामानापासून सुरक्षित ठेवावं आणि पाहायला तिकीट असू नये. म्हणून लायडनच्या संग्रहालयाने अंगणावर छत घातलं आणि देऊळ तिकीटखिडकीच्या अलीकडे उभं केलं. पश्चिम जर्मनीने कलाब्शाचं अख्खं देऊळ हलवून दिलं. ते सोडवताना भिंतींत वापरलेले जुने दगड निघाले, आणि त्यांतून जुळलेलं एक प्रवेशद्वार बर्लिनला भेट मिळालं. तेही छताखाली आहे.

देबोद एकटंच उघड्यावर आहे. माद्रिदमध्ये वर्षाला चारशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांना धरून झालेला दगड, आत सूक्ष्म छिद्रं. पाणी छिद्रांत शिरतं, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि कण सैल करतं. जुने क्षार ओलाव्याने पुन्हा जागे होतात. वाहनांच्या धुरातले आम्लधर्मी कण पावसात मिसळून दगडावर उतरतात. कबुतरांचा त्रास वेगळाच. आतल्या भागात तापमान आणि दमटपणा सांभाळायची व्यवस्था आहे, पण बाहेरच्या भिंती आणि महाद्वारं यांना कसलंही पांघरूण नाही. २००८ मध्ये देऊळ संरक्षित वारसा म्हणून जाहीर झालं, तज्ज्ञ अनेक वर्षं छप्पर किंवा काचेचं आवरण घालायची मागणी करत आहेत, इजिप्तमधूनही टीका झाली आहे. आवरणाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की काचेच्या पेटीत गेलं की टेकडीवरचं दृश्य संपेल.

मला हा विरोध पटत नाही. देबोदचा आकाशाशी काही संबंध होता तर तो नूबियाच्या कोरड्या आकाशाशी होता. माद्रिदच्या पावसात त्याला उघडं ठेवून ते मूळच्यासारखं राहत नाही, लवकर झिजतं तेवढंच. ज्या दृश्यासाठी ते उघडं ठेवायचं ते दृश्यही मुळातलं नाही. देवळाचं तोंड पूर्वेला आहे. नूबियात पूर्वेला नाईल होती, म्हणजे नदीकडून, उगवत्या सूर्याच्या दिशेकडून येणाऱ्यासाठी देऊळ मांडलेलं होतं. माद्रिदमध्ये दिशा तीच ठेवली, हे चांगलं झालं. पण आता माणसं जमतात ती संध्याकाळी, देवळामागे कासा दे काम्पो या उद्यानाच्या झाडीवर सूर्य बुडताना, हौदातल्या प्रतिबिंबासह छायाचित्र काढायला. त्या वेळी उजेड पाठीमागून येतो आणि देऊळ नुसती काळी आकृती होऊन जातं.

ज्याला देऊळ पाहायचं आहे त्याने सकाळी जावं. सोमवारी ते बंद असतं. सकाळी गर्दी कमी असते, आत अदिखलमानीच्या खोलीत भिंतीजवळ थांबायला मिळतं, वरच्या मजल्यावर नूबियातल्या देवळांची जागा दाखवणारी प्रतिकृती निवांत पाहता येते. ऊन समोरून आणि तिरपं पडलेलं असतं, त्यामुळे दर्शनी भिंतीवर तपकिरी दगड कुठे संपतो आणि फिकट कुठे सुरू होतो ते अगदी हातभर अंतरावरून वाचता येतं. पुढच्या महाद्वारातून मागच्या महाद्वाराकडे पाहावं आणि ती दोन्ही मनातल्या मनात अदलाबदल करून बघावीत.